मोटरीवरचं गाणं

परवा कोपरगावला पुतण्याच्या लग्नात माझा पाय व्हिडिओवाल्याच्या वायरीत अडकला आणि ‘शुभमंगल सावधान’मधल्या ऐन ‘सावधान’ला त्याचा तो डोळे दिपवणारा दिवा विझला. कार्यालयात ट्यूबलाइटी होत्या, अगदीच काळोख झाला नाही. पण लख्ख उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना क्षणभर काही दिसेना, आणि नवरीनं उचललेला हार नवरदेवाचा फेटा सारखा करायला पुढं झुकलेल्या त्याच्या मामाच्या गळ्यात पडला. मामांचं लग्न राहून गेलेलं. त्यामुळं हशा जरा जास्तच पिकला.

“काका, तुम्ही खुर्चीवर बसता का जरा?” व्हिडिओवाला म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मी उगाच त्याच्या मागं गेलो नव्हतो. आमच्या काळी आम्ही फिल्म कशी कापायचो नि कशी चिकटवायचो, हे त्याला सांगायला गेलो होतो. दिवसभरात तिसऱ्यांदा. त्यानं वायर परत खोचली, दिवा पेटला, आणि तापलेल्या काचेवरची धूळ जळाल्याचा वास आला. त्या वासानं माझी सगळी लाज कुठल्या कुठं गेली. हार कुणाच्या गळ्यात पडला ते मी पाहिलंच नाही नंतर. मी आमच्या कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत जाऊन पोचलो होतो, दुष्काळाच्या आदल्या वर्षीच्या.

त्या प्रयोगशाळेत तेव्हा पिकलेल्या केळ्यांचा वास भरलेला असायचा. केळी नव्हती तिथं. फिल्म चिकटवायच्या डिंकाचा वास होता तो. आठ मिलिमीटरची फिल्म, तिच्यावरचं एकेक चित्र तुरीच्या डाळीएवढं. खिडकीपासून कपाटापर्यंत सुतळी बांधलेली, तिच्यावर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लटकवलेले फिल्मचे तुकडे. वारा आला की ते एकमेकांवर घासून वाळक्या पाचटासारखे सळसळायचे. त्या तुकड्यांत आमचं गाणं होतं, आणि एका मुलीचं कॉलेजही होतं, हे मात्र मला जरा उशिरा समजलं.

कॅमेरा चौधरीसरांचा. सर फिजिक्स शिकवायचे आणि कविता करायचे; दोन्हींबद्दल मुलांचं मत बेताचंच होतं. त्यांच्या भावानं परदेशातून तो किल्लीचा कॅमेरा आणला होता. किल्ली दिली की घड्याळासारखा टिकटिकत चालायचा आणि ऐन रंगात आला की थांबायचा. सरांच्या मनात आलं की स्नेहसंमेलनात नाटुकली, नकला नेहमीच्याच; या वर्षी आपल्या मुलामुलींनी एक गाणं पडद्यावर दाखवावं. कॅमेऱ्याला आवाज नव्हता. तेव्हा गाणं आधी मोठ्या चकत्यांच्या टेपरेकॉर्डरवर भरायचं, मग शेतात ते वाजवत त्यावर ओठ हलवायचे आणि चित्र घ्यायचं. आणि संमेलनात एकीकडं पडद्यावर फिल्म, दुसरीकडं टेप, दोन्ही एका दमात सोडून द्यायचं.

गाणं सरांनीच लिहिलं. मुलगी म्हणते, ‘पाटाला पाणी आलं, सांगू मी कुणाला?’ मुलगा म्हणतो, ‘सांग की मला, मी उभा बांधाला.’ मग ती, ‘दारं कुणी धरायची, सांज झाली माळाला?’ आणि तो, ‘मी धरतो दारं, तू जा घराला.’ दारं धरणं म्हणजे वाफ्यावाफ्यानं पाणी सोडत जाणं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. नायकानं नायिकेला अंधार पडायच्या आत घरी धाडल्याचं गाणं मी तरी त्यानंतर कधी ऐकलं नाही. सरांनी ते मुद्दाम तसं लिहिलं होतं. मुलींचे बाप डोळ्यांपुढं ठेवून.

मुलगा झाला बाजीराव, माझा बाकावरचा सोबती. मी पण उमेदवार होतो. परंतु ओठ हलवायच्या चाचणीत माझं तोंड गाण्याच्या मागं मागं, रवंथ केल्यासारखं चालायचं, म्हणून सरांनी मला सन्मानानं चिकटवणारा केलं. मुलगी झाली शालिनी. दुसऱ्या वर्षाला होती, आवाज चांगला, आणि प्रश्न विचारला की पुस्तकात न बघता उत्तर द्यायची, याची आम्हाला जरा धास्तीच होती.

तिची परवानगी मागायला सरांबरोबर मी गेलो होतो. तिचे वडील, आप्पा, गोठ्यापुढं बाजेवर बसले होते. अंगात बंडी, पायाला चिखल. चहा झाला. आप्पांनी बशी खाली ठेवली.

“गानं कशाचं हाय?”

“पाटाच्या पाण्याचं,” सर म्हणाले.

“पान्याचं हाय व्हय.” आप्पा जरा सैल झाले. “मंग करा. पन एक सांगतो, सर. म्या पयल्या वळीत बसनार. पडद्यावर माजी पोर दिसनार, समदं गाव बगनार. तितं कुनी फिदीफिदी हासलं, एक शिट्टी जरी वाजली, तर दुसऱ्या दिशी कालिज बंद. मला हासं सोसत न्हाई.”

दाराआड बांगड्या वाजल्या. मला वाटलं चहाचे कप न्यायला कुणी आलंय. पण कप तसेच राहिले.

चित्रीकरण आप्पांच्याच उसात झालं. तुरे आले होते. सकाळी दव इतकं की बाजीरावाचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजून पायाला चिकटायचं. टेपरेकॉर्डर विहिरीजवळच्या मोटरीच्या खोलीत ठेवलेला, तिथूनच वायर घेतलेली. आत आप्पांची दहा हॉर्सपॉवरची मोटर घुमत असायची, तेलाचा नि ओल्या सिमेंटचा वास, आणि बाहेर पांढरंशुभ्र पाणी पाटात पडायचं ते पडल्यापासून वाफ्यात शिरेपर्यंत रंग बदलत जायचं. शालिनी पाटाकडेला उभी राहून ओठ हलवायची. गाणं मला थोडं जड, थोडं पेंगुळलेलं वाटायचं. मी म्हटलं, उघड्यावर तसंच ऐकू येत असेल. माझ्या हातात पत्रा होता, चेहऱ्यावर ऊन पाडायला. ते मी एकदा चुकून म्हशीच्या डोळ्यावर पाडलं. पुढचा अर्धा दिवस म्हैस शोधण्यात गेला.

फिल्म मुंबईला धुवायला गेली आणि आम्ही पोस्टमनची वाट बघू लागलो. आली तेव्हा सगळ्यांनी खिडकीपाशी गर्दी करून तुकडे उजेडाला धरले. मग गर्दी गेली आणि मी उरलो. एका डोळ्याला भिंग. डाळीएवढ्या चित्रातले त्याहून बारीक ओठ. ‘पाटाला’च्या ‘पा’ला ते मिटून उघडायचे, ‘सांगू’च्या ‘गू’ला चंबू व्हायचा, ‘कुणाला’च्या ‘ला’ला उघडेच राहायचे. ज्या तुकड्यात ‘गू’ सापडला तो सुतळीवर दुसरा, ज्यात ‘ला’ सापडला तो तिसरा. पात्यानं फिल्मची कड खरवडायची, डिंकाचं बोट लावायचं, दाबून धरायचं, श्वाससुद्धा सोडायचा नाही.

हे सगळं मी हिला नगरच्या गाडीत सांगत होतो, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. ही जामखेडकडची, कोरड्या मुलखातली. आमच्या पाटाच्या पाण्याच्या गोष्टी ती नेहमीच जरा तिरक्या मानेनं ऐकते. इथं मात्र तिनं मान सरळ केली.

“भिंगातून?” ती म्हणाली.

“भिंगाशिवाय दिसणार कसं?”

“नाही, मी आपलं विचारलं. पुढं सांगा.”

पुढं असं झालं की एका दुपारी शालिनी प्रयोगशाळेच्या दारात आली. आमच्यात मुलं-मुली एकमेकांशी बोलायची नाहीत, बोललीच तर मामलेदार आणि तलाठी बोलावेत तसं बोलायची.

“ते चिकटवायचं काम तुमच्याकडं आहे ना?”

“हो.”

“नीट जुळवा. आप्पा म्हणाले ते तुम्ही ऐकलंय.” ती सुतळीवरच्या स्वतःच्या लटकणाऱ्या तुकड्यांकडं बघत होती. “मला बीए व्हायचंय. आमच्याकडं अजून कुणी झालं नाही. दादासुद्धा नाही.”

मी मान हलवली. ती गेली. माझं बोट फिल्मवर तसंच दाबलेलं राहिलं होतं. चिकटलं. ती तेवढी कातडी त्या गाण्यात कुठंतरी असेल.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. जेवताना मी घरच्यांच्या तोंडाकडं बघायचो. आई म्हणायची, “काय बघतोस रे? भाकर करपलीय का?” मी तिच्या ‘करपली’तला ‘प’ बघत असायचो. पण काम जमलं. भर दुपारी प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळे कागद लावून सरांनी फिल्म आणि टेप एकदम सोडलं, आणि भिंतीवरची शालिनी अशी काही गायली की बाजीरावानं माझ्या पाठीत गुद्दा घातला. ओठाला ओठ. म्हणजे, शब्दाला ओठ.

मग संमेलनाला दोन दिवस राहिले असताना रंगीत तालीम झाली, संध्याकाळी, दिवे लागल्यावर. आणि गाणं पळालं.

पळालं म्हणजे अक्षरशः. फिल्मही घाईत होती, पण टेप तिच्या कितीतरी पुढं. शालिनीचा आवाज चिमुरडीसारखा बारीक, आणि तिचं तोंड उघडायच्या आत तिची ओळ संपलेली. दुसऱ्या कडव्यापर्यंत तर अशी गत झाली की मिशावाला, धोतरातला बाजीराव फावड्यावर रेलून बाईच्या आवाजात विचारतोय, ‘सांगू मी कुणाला?’ आणि शालिनी पदर खोचून पुरुषी आवाजात सांगतेय, ‘तू जा घराला.’ तालमीला आलेली पोरं हसून हसून एकमेकांवर पडली. कुणीतरी शिट्टी मारली. शालिनी मागं भिंतीपाशी उभी होती. ती हसली नाही, रडली नाही. वह्या उचलल्या आणि निघून गेली.

सरांनी परत लावलं. टेपच्या चकतीवर बोट टेकवून वेग रोखायला बघितलं, तर शालिनीच्या गळ्यातून शेळी ओरडू लागली. मी सुतळीकडं बघत राहिलो. एकही तुकडा चुकीचा नव्हता. दुपारी सगळं जुळत होतं. दुपारी आणि आत्ता यात काय बदललं?

डोक्यावरचा बल्ब मात्र लख्ख जळत होता.

आमच्याकडं वीज नवी होती तेव्हाची गोष्ट सांगायला हवी. दिवसभर आसपासच्या विहिरींवर मोटरी चालायच्या आणि घरातला बल्ब पिवळाजर्द, आजारी, आतली तार मोजता येईल असा. संध्याकाळी एकेक मोटर बंद व्हायची आणि बल्ब एकेक पायरी उजळायचा. आई चुलीपुढून न बघताच सांगायची, “बंद केली मोटर. आले बघ तुझे वडील.” मग पाऊण बिडीत वडील दारात. ताटं मांडायची, पाणी तापायला टाकायचं, सगळं त्या बल्बवर चालायचं. घड्याळ आमच्याकडं होतं, पण त्याला विचारायची वेळ कधी आली नाही. माणसं घरी यायला लागली की उजेड वाढायचा, एवढं सरळ होतं ते. दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा तोच बल्ब दिवसाढवळ्या लख्ख जळायचा आणि आई तो बंद करून टाकायची. म्हणायची, नको वाटतो.

“सर, मोटरी बंद झाल्यात,” मी म्हटलं.

सरांना कळायला एक क्षण लागला. मग ते खुर्चीवर बसले. आम्ही गाणं भरलं मोटरी चालू असताना, कॉलेजात. चित्र घेतलं मोटरी चालू असताना, शेतात. फिल्म जोडली मोटरी चालू असताना, दुपारी. पेंगुळलेल्या विजेवर गाणंही पेंगुळलं होतं, आणि त्या पेंगुळलेल्या गाण्याला मी शालिनीचे ओठ इतके जिवापाड जुळवले होते की आता जाग्या विजेच्या वेगाला ते जुळणं शक्यच नव्हतं. संमेलन संध्याकाळी. मंडप उघड्यावर. अंधाराशिवाय पडदा नाही, आणि अंधार पडला की मोटर नाही.

“मंग मोटरी चालू ठेवू की,” बाजीराव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सायकलींवर विहिरी हिंडलो. कॉलेजच्या लाइनीवर ज्यांच्या ज्यांच्या मोटरी होत्या त्यांना हात जोडले. “गान्याला पानी लागतंय व्हय रं?” असं म्हणून लोक हसले, पण कबूल झाले. छोट्या छोट्या मोटरी. त्यांनी बल्ब जरा डुलकी घेणार, झोपणार नाही. तो झोपायचा आप्पांच्या दहाच्या मोटरीनं. बाजीरावानं सायकल वळवली आणि त्याला आजोळी काहीतरी काम निघालं.

मी एकटा आप्पांपुढं उभा राहिलो. ते पाटातला गाळ काढत होते.

“आप्पा, उद्या सांजच्याला मोटर चालू ठेवता येईल का?”

“का?”

लाइट फार तेज येतो, मशिनीला सोसत नाही, असं मी सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण माझ्या कानशिलावरून घाम ओघळत होता आणि तो आप्पांना दिसत होता.

“कालच ऊस भिजवलाय. उंद्या परत पानी सोडलं तर मुळ्या कुजत्यात. पानी सोडू कुठं, तुज्या डोस्क्यावर?”

मी पाटाकडं बघितलं.

“आन म्या तर तितं बसनार. मोटर काय म्हस करनार चालू?”

ते परत गाळ काढायला लागले. मी तिथंच उभा. शेवटी त्यांनी फावड्यानंच मला जायची खूण केली. ती ‘बरं’ची होती की ‘चालता हो’ची, हे मला त्या रात्रभर ठरवता आलं नाही.

संमेलनाला गाव लोटलं होतं. भुईमुगाच्या टरफलांचा वास, सतरंज्यांचा वास, तापलेल्या प्रोजेक्टरवर धूळ जळते तो वास. पहिल्या ओळीत आप्पांची खुर्ची रिकामी. मी प्रोजेक्टरपाशी, मान वर, मंडपाच्या खांबावरच्या बल्बवर नजर. छोट्या मोटरी लागल्याचं कळलं. बल्ब एक पायरी उतरला, आणखी अर्धी उतरला, आणि थांबला. पुरेसा नव्हता. नाटुकलं संपत आलं. सर कपाळ पुसत होते. शालिनी बायकांच्या बाजूला बसली होती आणि तीही पडद्याकडं न बघता त्याच खांबाकडं बघत होती. आख्ख्या मंडपात आम्ही दोघंच वर बघत होतो.

पडदा ओढला. सूत्रधारानं नाव पुकारलं. माझा हात बटणावर होता आणि दाबला जात नव्हता. मागून ओरडा सुरू झाला.

आणि बल्ब झोपला. एकदम, मान टाकल्यासारखा, पिवळाजर्द, तार मोजता येईल असा.

मी दोन्ही बटणं दाबली. ‘पाटाला’च्या ‘पा’ला तिचे ओठ मिटले आणि उघडले. ‘सांगू’च्या ‘गू’ला चंबू. बाजीराव बाजीरावाच्या आवाजात, शालिनी शालिनीच्या. मंडप गप्प झाला. पहिलं कडवं संपता संपता आप्पा आले, धोतर वर खोचलेलं, पाय चिखलानं माखलेले, आणि तसेच पहिल्या ओळीत जाऊन बसले. पुढचा सगळा वेळ मी पडदा पाहिलाच नाही, त्यांच्या पागोट्याची मागची बाजू पाहिली. ते हललं नाही. शिट्टी वाजली नाही. ‘तू जा घराला’ला तर म्हाताऱ्या बायकांनी माना डोलावल्या.

नंतर सर धीर करून त्यांच्यापाशी गेले. “कसं वाटलं, आप्पा?”

“त्या पोराला फावडं धरता येत न्हाई,” आप्पा म्हणाले. “असं धरलं तर वाफा फुटनार.” मग पायावरचा चिखल खरवडत, “पोर ब्येस दिसली.”

मी हवेत होतो. शालिनी जाताना माझ्याजवळून गेली आणि थांबली नाही, फक्त म्हणाली, “जुळलं.” तो ‘जु’ आणि ‘ळ’ मला भिंगाशिवाय दिसला.

पोर बेस दिसली, हे तिसऱ्या ओळीत बसलेल्या राहात्याकडच्या पाहुण्यांनाही वाटलं होतं. ते पुढच्या आठवड्यात तिला बघायला आले. वैशाखात लग्न झालं, मी वाढायला होतो, मठ्ठा. त्याआधी एकदा तिनं मला सांगितलं होतं, की बाहेरून परीक्षा देता येते, तिनं चौकशी केलीय. जूनमध्ये वर्ग भरले तेव्हा तिच्या बाकावर नवी मुलगी होती. पाऊस आला नाही त्या वर्षी. मोटरी बंद. फिल्म सरांच्या कपाटात राहिली आणि सरांची बदली झाल्यावर ती कुठं गेली कुणास ठाऊक. सुतळी मात्र खिडकीला बरीच वर्षं होती, दोन चिमट्यांसकट.

परवा कार्यालयाच्या मागं हात धुवायला गेलो तर पलीकडं ऊस दिसला. मोटरीचा आवाज आला की काय म्हणून मी कान दिला. कुलर होता.

एवढं सांगून मी गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत बसलो. राहुरी मागं पडली होती. मला वाटलं, ही भिंगाचं काही बोलेल, आणि मी त्याची तयारी करून ठेवली होती.

“झाली का मग ती बीए?” ही म्हणाली.

“सांगितलं की. जूनमध्ये ती—”

“ते ऐकलं. नंतरचं विचारते. बाहेरून परीक्षा देणार होती ना?”

गाडीनं एक गतिरोधक ओलांडला.

“म्हणजे तुम्हाला माहीत नाही,” ही म्हणाली. “बरं. घरी गेल्यावर बाजीरावांच्या बायकोला फोन लावते मी, तिला माहीत असेल. तुम्ही सगळे नुसते ओठ बघत बसलात.”